शिखर धवन गेला तेव्हा आमच्या घरी झालेलं भांडण

या पानावर सुलतान बाजारातल्या दुकानांच्या, विवेक वर्धिनीतल्या गुरुजींच्या, इसामिया बाजारातल्या मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या आठवणी मी नेमाने वाचते. लिहायला बसले नव्हते, कारण माझी आठवण क्रिकेटची आहे आणि ती इथे चालेल का, अशी शंका होती. पण ती आमच्या घरातली आहे, दिवाळीतली आहे, म्हणून धीर करून लिहिते. शेवटी थोडं मतही मांडणार आहे. पटलं नाही तर हक्काने भांडा.

मी माहेरची सोलापूरची. पद्मशाली शेजारामुळे तेलुगू लहानपणापासून कानावर होती, त्यामुळे १९९१ साली लग्न होऊन काचीगुड्याला आले तेव्हा भाषेचं काही अवघड वाटलं नाही. अवघड वाटलं ते सासरचं क्रिकेट. आमचे सासरे, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांनी फतेह मैदानावर जयसिंहाला खेळताना पाहिलंय. कॉलर वर करून तो कसा यायचा, हे ते अजूनही उठून, दोन पावलं चालून दाखवतात. धाकटे दीर म्हणजे भाऊजी, ते अझरुद्दीनचे. आमचे हे लक्ष्मणचे. आणि आमची लेक सनरायझर्सची. २०१६ साली बंगळूरला फायनल आठ धावांनी जिंकली तेव्हा ती बारावीला होती आणि रात्री एक वाजता गच्चीवर थाळी वाजवत होती.

तर आता २०१८ ची दिवाळी. भाऊबीजेला नणंदबाई आल्या होत्या, घर भरलेलं. चार-पाच दिवसांपूर्वीच बातमी पक्की झाली होती की सनरायझर्सने शिखर धवनला दिल्लीला दिलं आणि बदल्यात तीन जण घेतले : विजय शंकर, शाहबाज नदीम आणि अभिषेक शर्मा. फराळाची ताटं वाटेपर्यंत कोणी विषय काढला नाही. चहा आला आणि भाऊजींनी सुरुवात केली.

भाऊजींचं म्हणणं सरळ होतं. धवन २०१३ पासून, म्हणजे सनरायझर्स हे नाव लागलं तेव्हापासून आपल्याकडे. वॉर्नरच्या खालोखाल सगळ्यात जास्त धावा त्याच्या. सहा महिन्यांपूर्वी वॉर्नरवर बंदी असताना आपण फायनलला गेलो, त्या हंगामात धवनच्या ४९७ धावा. आणि त्याला देऊन घेतलं काय? "सोनं देऊन चिल्लर घेतली," भाऊजी म्हणाले. नदीम निदान रणजीत विकेट काढतो, विजय शंकर भारताकडून थोडाफार खेळलाय. पण हा अभिषेक शर्मा कोण?

लेक तेव्हा इंजिनिअरिंगला होती आणि प्रत्येक गोष्टीचा तक्ता करायची. ती म्हणाली, "काका, धवन पुढच्या महिन्यात ३३ वर्षांचा होईल. अभिषेक १८ चा आहे. यंदा पृथ्वी शॉबरोबर अंडर-१९ वर्ल्ड कप जिंकून आलाय. दिल्लीकडून पहिल्याच मॅचला बंगळूरविरुद्ध १९ चेंडूंत नाबाद ४६ केल्या. त्याची किंमत ५५ लाख आहे. यात तोटा कुठंय?"

यांनी पैशांची बाजू मांडली. धवनला लिलावात 'राइट टू मॅच'चा हक्क वापरून ५ कोटी २० लाखांना घेतलं होतं. वॉर्नरला ठेवायला १२ कोटी, भुवनेश्वरला साडेआठ. धवन त्या रकमेवर नाराज होता, आणि नियमामुळे ती वाढवता येत नव्हती, हे सनरायझर्सने आपल्या निवेदनातच सांगितलं होतं. नाराज माणूस बळेबळे ठेवून काय करायचं, असं यांचं म्हणणं.

मी? मी भाऊजींच्या बाजूची. मला धवनची मिशी आवडायची, झेल घेतल्यावर मांडीवर थाप मारायची तऱ्हा आवडायची. पाच-सहा वर्षं रोज संध्याकाळी घरात दिसणारा माणूस घरचाच होतो. आणि घरचा माणूस कोणी तीन पोरांच्या बदल्यात देतं का?

तेवढ्यात अण्णा बोलले. ते बराच वेळ चकली मोडत बसले होते. "काय बोलायलीस तू?" ते नातीला म्हणाले. "माणसं काय ज्वारीची पोती आहेत का? हे घ्या अन् ते द्या? त्याला कोणी विचारलं का?"

आता हे अण्णा का म्हणाले ते सांगायला हवं. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य मोडलं. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे जिल्हे मुंबई राज्यात गेले, कानडी भाग म्हैसूरला, तेलंगणा आंध्रात. या पानावरच्या अनेकांच्या घरात हा इतिहास आहे. नकाशा वाटला गेला तशी सरकारी नोकरांचीही वाटणी झाली. माझे आजेसासरे इथे एका कचेरीत कारकून होते. त्यांच्या नावापुढे मुंबई राज्य आलं. त्यांनी बिऱ्हाड उचलून औरंगाबादला नेलं. अण्णा कॉलेजात होते, वर्ष वाया जाऊ नये म्हणून त्यांना काचीगुड्यात आत्याकडे ठेवलं. 'वर्षभरासाठी' ठेवलं होतं. मग इथेच नोकरी, इथेच लग्न. सुट्टीत मनमाडच्या मीटरगेज गाडीने वडिलांकडे जायचं आणि परत यायचं. आई-वडील आणि मुलगा एका छपराखाली पुन्हा कधी राहिले नाहीत.

मराठवाडा महाराष्ट्रात गेला याचं अण्णांना दुःख नाही. "जायलाच पाहिजे होता," असं ते ठासून सांगतात. त्यांचं दुखणं एवढंच, की यादी भिंतीवर लागली तेव्हा बापाला कळलं. त्या दिवशी संध्याकाळी वडील घरी येऊन कोट न काढता बसून राहिले होते, हे त्यांना अजून दिसतं.

लेक थोडी वरमली. पण तिने सांगितलं, "आजोबा, आयपीएलमध्ये खेळाडूची संमती असल्याशिवाय अशी अदलाबदल होतच नाही. आणि धवनला स्वतःला जायचं होतं. दिल्ली त्याचं घर आहे."

अण्णा म्हणाले, "हौ? विचारलं होतं? मग माझं काही म्हणणं नाही." आणि त्यांनी दुसरी चकली घेतली. भाऊजी आणि मी मात्र रात्री उशिरापर्यंत चिडलेलोच होतो.

पुढची दोन वर्षं भाऊजींची गेली. २०१९ ला विशाखापट्टणमला एलिमिनेटरमध्ये आपल्याला बाहेर काढलं ते दिल्लीनेच. २०२० ला अबू धाबीत फायनलच्या दारातून परत पाठवलं तेही दिल्लीनेच, आणि त्या मॅचला धवनच्या ७८ धावा. त्या हंगामात त्याने लागोपाठ दोन शतकं ठोकली, एकूण ६१८ धावा केल्या. भाऊजी फोन करून फक्त "चिल्लर" एवढंच म्हणायचे आणि ठेवून द्यायचे. इकडे विजय शंकरला २०१९ च्या वर्ल्ड कपला घेतलं ते आपल्या अंबाती रायुडूला मागे ठेवून. रायुडूने थ्री-डी चष्म्याचं ट्वीट केलं आणि आख्खं हैदराबाद त्याच्या बाजूने उभं राहिलं. म्हणजे आपणच ज्याला घेतलं, त्याच्यावर गावच रुसलं. अभिषेक कधी संघात, कधी बाकावर, फलंदाजीला आला तर खालच्या नंबरावर. लेकीचा तक्ता घरात कोणी पाहायला तयार नव्हतं.

मग आलं २०२१. १ मे ला वॉर्नरची कप्तानी काढली, पुढे संघातूनही काढलं. लक्षात घ्या, तो वॉर्नर, ज्याने २०१६ ला ८४८ धावा करून कप आणून दिला, ज्याने लॉकडाउनमध्ये तेलुगू गाण्यांवर नाचून इथल्या प्रत्येक घरातल्या पोरांना वेड लावलं. त्याचा फॉर्म गेला होता हे खरं. माझ्या लेकीचा तक्ताही तेच सांगत होता. पण तो प्रेक्षकांत बसून सनरायझर्सचा झेंडा हलवताना टीव्हीवर दिसला आणि तीच पोरगी उठून आत गेली. कप्तानी का काढली हे आपल्याला नीट सांगितलं गेलं नाही, असं तो पुढे स्वतःच बोलला. त्याच वर्षअखेरीस रशीद खानही सुटला. त्याला कितव्या क्रमांकावर ठेवायचं यावरून जमलं नाही, अशा बातम्या होत्या. तो गुजरातला गेला आणि पहिल्याच वर्षी, २०२२ ला, गुजरातने कप नेला. आपण २०२१ ला शेवटचे, २०२२ ला आठवे, २०२३ ला पुन्हा शेवटचे.

इथे एक फरक मला उशिरा कळला. धवन गेला तेव्हा बदल्यात तीन माणसं आली. वॉर्नर आणि रशीद नुसतेच गेले. आणि धवन गेला तो बोलून गेला.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगते. ती सांगायला हात जड होतोय.

आमचं एक मंडळ आहे, नाव नको. त्यात एक काका बावीस वर्षं गणपतीचा हिशेब पाहायचे. वर्गणी, पावतीपुस्तकं, मांडववाला, भटजी, सगळं त्यांच्या एका कापडी पिशवीत. वय झालं होतं. मोबाईलवरून पैसे घ्यायचे नाहीत, रोखच हवी, पावती हातानेच. तरुण मुलं वैतागून येईनाशी झाली. २०२२ च्या उन्हाळ्यात आम्ही सात जण एकाच्या घरी बसलो आणि नवी कार्यकारिणी ठरवली. मी त्या सातांतली एक. निर्णय चूक नव्हता, आजही म्हणते. पण काकांना कोण सांगणार, यावर सगळे एकमेकांकडे पाहू लागले. शेवटी कोणीच सांगितलं नाही. रात्री यादी ग्रुपवर टाकली. काकांनी आपलं नाव नसलेली यादी मोबाईलवर वाचली. तोच मोबाईल, जो त्यांना वापरता येत नाही म्हणून आम्ही त्यांना काढलं.

दुसऱ्या दिवशी वॉचमनकडे कापडी पिशवी ठेवलेली होती. पावतीपुस्तकं, शिक्का, कपाटाची किल्ली. चिठ्ठी नव्हती. त्या वर्षी काका आरतीला आले नाहीत, पुढच्या वर्षीही नाहीत. आणि आम्ही? पहिल्या वर्षी मांडव दीडपट पैशांत घातला, भटजी ऐन वेळी दुसरीकडे गेले. नव्या मुलांना कोणी काही शिकवलंच नव्हतं, कारण शिकवणारा माणूस आम्ही बोलायची लाज वाटली म्हणून घालवला होता.

हे मनात घोळत असतानाच १२ एप्रिल २०२५ आला. शनिवार, हनुमान जयंती. गौलीगुड्याहून मिरवणूक, त्यामुळे आपल्या भागात गाड्यांना रस्ता बंद. लेकीने तिकिटं काढली होती. सुलतान बाजारहून मेट्रो पकडली, परेड ग्राउंडला बदलली आणि स्टेडियम स्टेशनला उतरलो. भाऊजीही आले होते, कुरकुरत. सनरायझर्स लागोपाठ चार मॅच हरले होते. अभिषेकच्या आधीच्या पाच डावांत मिळून जेमतेम पन्नासएक धावा. पंजाबने २४५ केल्या. भाऊजी म्हणाले, "चला, गर्दीच्या आधी निघू."

त्यानंतर काय झालं ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. २८ वर असताना झेल गेला, पण तो नो-बॉल. ४० चेंडूंत शतक. खिशातून चिठ्ठी काढून त्याने स्टेडियमला दाखवली, हे ऑरेंज आर्मीसाठी आहे म्हणून. हेडबरोबर १७१ ची सलामी. एकूण ५५ चेंडूंत १४१, चौदा चौके, दहा छक्के. आयपीएलमध्ये भारतीय फलंदाजाने केलेल्या त्या तोवरच्या सगळ्यात जास्त धावा. त्याचे आई-वडील स्टँडमध्ये होते. नऊ चेंडू राखून आपण जिंकलो. उप्पलला मी इतका आवाज कधी ऐकला नव्हता. भाऊजी खुर्चीवर उभे होते. परत येताना मेट्रोत लेक फक्त त्यांच्याकडे पाहत होती. शेवटी तेच म्हणाले, "बरं बाई. चिल्लर नव्हती."

मग धवनची अदलाबदल बरोबर होती असं म्हणायचं का? माझी लेक म्हणते, शंभर टक्के. मी तेवढं म्हणत नाही, आणि त्याला कारणं आहेत.

एक तर, सात वर्षांनंतरच्या एका रात्रीवरून २०१८ चा निर्णय तोलणं सोपं आहे. मधल्या काळात अभिषेकही २०२१ नंतर लिलावात गेला होता, त्याला परत घ्यायला साडेसहा कोटी मोजावे लागले. तेव्हा दुसऱ्या कोणी जास्त बोली लावली असती, तर आज आपण भाऊजींचंच म्हणणं धरून बसलो असतो. २०१६ नंतर कपही आलेला नाही. २०२४ ला फायनलला गेलो आणि चेन्नईला ११३ वर आटोपलो.

दुसरं, आमचा भाचा कॅनडात असतो. तो तिकडच्या बर्फावरच्या हॉकीचं सांगतो. एडमंटनने १९८८ साली वेन ग्रेट्स्कीला लॉस एंजेलिसला दिलं, बदल्यात खेळाडू, पुढच्या निवडीचे हक्क आणि दीड कोटी डॉलर घेतले. गावात लोक रडले, त्यांच्या संसदेपर्यंत विषय गेला. दोनच वर्षांत, १९९० ला, एडमंटनने त्याच्याशिवाय कप जिंकला. मग निर्णय बरोबर? पण त्यानंतर २०२५ पर्यंत त्यांना एकदाही जिंकता आला नाही. मग चूक? भाचा म्हणतो, तिकडे अजून वाद चालू आहे. म्हणजे निकालावरून हा वाद कधी मिटत नाही.

मला वाटतं, आपण चाहते चुकीच्या गोष्टीवर भांडतो. मोठा माणूस जाणारच. वय होतं, पैसे जुळत नाहीत, घराची ओढ असते. संघ नव्याने उभा करायचा तर कोणीतरी जागा सोडावी लागते, आणि ती सोडायला लावणं हे पाप नाही. पण तीन गोष्टी पाहाव्यात. त्या माणसाशी आधी तोंडाने बोललं का. त्याच्या जागी शिकणारं कोणी आणलं का. आणि आणलेल्याला पुरेसा वेळ दिला का. धवनच्या वेळी पहिल्या दोन गोष्टी झाल्या, तिसरी रडतखडत का होईना झाली. वॉर्नरच्या वेळी पहिलीच झाली नाही. त्याची जागा भरायला तीन वर्षं लागली याचं मला आश्चर्य वाटत नाही.

आणि तिसऱ्या गोष्टीत आपलाही वाटा आहे. २०१९ ते २०२१ मध्ये आमच्या घरात त्या पोराला 'चिल्लर' म्हणत होतो, त्यात मीही होते. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला दुसऱ्याच्या धावांच्या तराजूत घालून. मंडळात हिशेब पाहायला आलेल्या नव्या मुलालाही आम्ही पहिल्याच गणपतीत "काकांच्या वेळी असं नव्हतं" हे ऐकवलं. काकांना घालवणारे आम्हीच, आणि त्यांचं नाव घेऊन त्या मुलाला टोचणारेही आम्हीच.

त्या मॅचनंतरच्या आठवड्यात मी काकांकडे गेले. एकटीच. काय बोलायचं हे ठरवून गेले होते, ते काही बोलता आलं नाही. काकूंनी चहा आणि उस्मानिया बिस्किटं दिली. काका वर्तमानपत्र वाचत होते. मी म्हटलं, "काका, आम्ही तुम्हाला सांगायला हवं होतं." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "मांडववाल्याकडे आपलं डिपॉझिट पडून आहे, ते घेतलं का परत? माझ्या वेळचं आहे. पावती निळ्या पुस्तकात शेवटच्या पानाला टाचलेली आहे."

आम्हाला कोणाला माहीतच नव्हतं. निळं पुस्तक कपाटात होतं, पावती होती, पैसे मिळाले. यंदा गणपतीत काका आरतीला दोन दिवस आले. मागे उभे राहिले. हिशेबाचा मुलगा त्यांच्यासाठी खुर्ची घेऊन गेला आणि बराच वेळ तिथेच बसला.

अण्णांना मी १४१ ची गोष्ट त्या रात्री घरी आल्यावर सांगितली. त्यांनी टीव्हीवर पाहिलंच होतं, झोपले नव्हते. म्हणाले, "पोरगा चांगला आहे. जयसिंहासारखी कॉलर नाही, पण चांगला आहे." मग थोड्या वेळाने, "त्या धवनला विचारलं होतं ना?"

मी म्हटलं, "हो अण्णा, विचारलं होतं."

"मग झालं," म्हणाले, आणि दिवा बंद करायला सांगितला.

तुमच्या घरी धवन, वॉर्नर, रशीद, भुवनेश्वर यांच्यापैकी कोणावरून भांडण झालं? आणि ५६ साली ज्यांच्या घरात अशी यादी लागली होती, त्यांनीही जरूर लिहा. अण्णांना मी वाचून दाखवीन.